रांग आपल्या दारात हवी

टिल्लू पंप म्हणजे काय, हे नागपुरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. गल्लीतल्या एका घराने नळाला टिल्लू लावला की पुढच्या घरांची धार करंगळीएवढी होते. उन्हाळ्यात मनपाची पथकं हे पंप जप्त करत फिरतात. नंदनवनातल्या एका अभ्यासिकेचं इंटरनेट तपासताना मला तोच पंप सारखा आठवत होता.

लाइन 100 एमबीपीएसची, संध्याकाळी साठेक मुलं. फायरवॉलवर प्रत्येकाला मर्यादा घातलेली: डाउनलोड 20, अपलोड 2. तरी सराव परीक्षा मध्येच अडकायची. "सर, पेपर सोडवला पूर्ण, पण सबमिटच होत नाही ना," एक मुलगी रडकुंडीला येऊन सांगत होती.

सकाळी रिकाम्या हॉलमध्ये पिंग लावला तर उत्तर 9 मिलिसेकंदांत. संध्याकाळी तोच आकडा 700 च्या वर. वेग कमी पडला की असं होत नाही. कुठेतरी लांब रांग लागली की होतं. मुलं आत आली, वायफायला जोडली गेली, की त्यांचे फोन दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला लागत.

पण अपलोडला तर 2 चीच मर्यादा होती! घोळ तिथेच होता. फायरवॉलवरचे 'इन' आणि 'आउट' हे फायरवॉलच्या बाजूने वाचायचे असतात, आपल्या नाही. लॅनच्या नियमात 'इन' म्हणजे मुलांकडून फायरवॉलमध्ये शिरणारं, अर्थात अपलोड. तिथे 20 लिहिलेलं. पाच फोन, आणि लाइन भरली.

आकड्यांची अदलाबदल केली. दहा मिनिटं काहीच फरक नाही! आधीपासून चालू असलेली कनेक्शनं जुन्याच नियमाने चालतात. ती तोडल्यावरच नवा नियम लागू होतो. इथे हताश होऊन बरोबर बदल पुन्हा उलटा करणारे मी बरेच पाहिलेत. नियम फक्त टीसीपीपुरता लिहिला असेल, तर यूट्यूबचा बराचसा डेटा यूडीपीवरून निसटतो, तेही बघावं.

खरी गोष्ट मात्र पुढची. प्रत्येकी 2 धरले तरी साठ जणांचे 120 होतात. लाइन भरणारच. भरली की डेटाची पाकिटं कंपनीच्या मोडेममध्ये तुंबतात, आणि तिथल्या रांगेवर आपला काही ताबा नसतो. म्हणून एकूण मर्यादा मुद्दाम 90 ठेवली. दहा एमबीपीएस सोडून दिले, पण रांग आपल्या फायरवॉलवर आली, आणि तिला शिस्त लावता आली.

गर्दीत जाळं कसं कोसळतं, हे 1986 सालीच दिसलं होतं. अमेरिकेत बर्कलेतल्या प्रयोगशाळेपासून चारशे यार्डांवरच्या विद्यापीठापर्यंतचा वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आला होता. त्याचा छडा लावणाऱ्यांपैकी व्हॅन जेकबसन यांनी कॅथलीन निकोल्स यांच्यासोबत 2012 मध्ये 'कोडल' हे रांगेला शिस्त लावायचं तंत्र मांडलं. रांग किती लांब आहे हे ते पाहत नाही. पाकीट किती वेळ ताटकळलं, ते पाहतं. 5 मिलिसेकंदांहून जास्त थांबणं चालूच राहिलं, की पाकिटं गाळायला लागतं. मग पाठवणाराच हात आखडतो. त्याचं 'एफक्यू-कोडल' हे रूप प्रत्येक कनेक्शनला वेगळी रांग देतं. अभ्यासिकेत तेच लावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल भरलेला असताना संचालकांनी मुद्दाम आपल्या फोनवरून लग्नाचा अख्खा व्हिडिओ वर चढवायला लावला. आम्ही दोघं पिंगच्या खिडकीकडे बघत बसलो. 13, 14, 13.