नळीमागच्या रेघा

अक्राणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या व्हरांड्यात सिकलसेल तपासणीचं टेबल मांडलं होतं. लॅब टेक्निशियनने आल्या आल्या बर्फाच्या डब्यातून रसायनाची बाटली काढून बाहेर ठेवली. थंड रसायनावर निकालाचा भरवसा नसतो. ते आधी हवेच्या तापमानाला यावं लागतं. मग त्याने दोन नळ्या भरल्या. एकीत निरोगी माणसाचं रक्त, दुसरीत सिकल असल्याचं आधीच माहीत असलेलं. दोन्हींनी अपेक्षित उत्तर दिल्यावरच मुलांची रांग पुढे सरकली.

स्पिरिटचा बोळा, बोटाला टोच, पहिला थेंब पुसून टाकायचा. दोन मिलिलिटर रसायनात २० मायक्रोलिटर रक्त, म्हणजे थेंबाहूनही कमी. नळी हलवून स्टँडवर ठेवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. नंतर काळ्या रेघांचा कागद नळीमागे धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. नळी ताकाच्या निवळीसारखी गढूळ होऊन रेघा बुडाल्या तर पॉझिटिव्ह.

मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे काही विद्यार्थी मदतीला आले होते. नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये सुरू झालं. त्यामुळे शरीरक्रियाशास्त्राचं पुस्तक आणि सातपुड्याचे पाडे आता एकाच जिल्ह्यात आहेत. प्राणवायूच्या वहनाचा धडा शिकवायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. रसायनातलं सॅपोनिन तांबड्या पेशी फोडतं, हिमोग्लोबिन बाहेर पडतं आणि सोडियम डायथायोनाइट त्याचा प्राणवायू काढून घेतं. साधं हिमोग्लोबिन प्राणवायू गेला तरी विरघळलेलंच राहतं. सिकलचं मात्र एकमेकांना चिकटून साखळ्या धरतं. फरक किती? १४६ अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, बस्स. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे दाखवलं. नेमका बदल व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधला.

नळीत पाच मिनिटांत होतं ते शरीरात का होत नाही, असं एका विद्यार्थिनीने विचारलं. प्रश्न नेमका होता. होतं, पण साखळ्या धरायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात बहुतेक पेशी केशवाहिन्या ओलांडून फुप्फुसाकडे परततात. ताप आला, थंडी वाजली, अंगातलं पाणी कमी झालं की हे गणित बिघडतं. पेशीतलं पाणी घटलं की हिमोग्लोबिन दाटतं आणि साखळ्या लवकर बनतात. वाकड्या, ताठ पेशी अडकतात, पुढचं रक्त अडतं आणि हाडं ठणकू लागतात. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलच्या रुग्णाची जेमतेम १० ते २०.

पाण्याची गोष्ट इथेच संपत नाही. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी आणि क्षार दाट असतात. सिकल होण्यासाठी अगदी सोयीची जागा. तिथली इजा वाढत गेली की लघवी दाट करण्याची ताकद जाते, आणि ज्याला पाण्याची सर्वाधिक गरज त्याच्याच शरीरातून पाणी जास्त जातं. या भागातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. फडात उन्हात राबणाऱ्या रुग्णाला ‘भरपूर पाणी पी’ म्हणणं सोपं आहे. पाण्याची कळशी फडाच्या कडेला ठेवण्याची जबाबदारी मुकादमाचीही असावी, असं माझं मत.

दुपारी आशाताई शेजारच्या पाड्यातल्या आयांना घेऊन आल्या. चार महिन्यांच्या एका बाळाला टेक्निशियनने टोचलंच नाही. एवढ्या लहान बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन बरंच शिल्लक असतं, ही चाचणी तिथे फसते. त्याच बाळाच्या आईची नळी मात्र गढूळ झाली. तिने पावरीत काहीतरी विचारलं, आशाताईंनी मराठीत सांगितलं, “आजार आहे का विचारते, दादा.”

“आत्ताच नाही सांगता येणार, ताई. अजून एक तपासणी लागेल.”

त्याचं उत्तर शब्दशः खरं होतं. वाहक असो वा रुग्ण, नळी दोघांचीही गढूळ होते. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीमध्ये हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे झाले तरच कळतं, की एकच जनुक बदललेलं आहे की दोन्ही. वाहक सहसा आयुष्यभर धडधाकट असतो. नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक.

तेव्हा शिबिरात नळी गढूळ झाली म्हणून कुणा मुलीचं ठरलेलं लग्न मोडू नका. दुसरी तपासणी होऊ द्या, आणि ती मुलाचीही करा.