दुखणे विचारल्याशिवाय कळत नाही

आपल्या घरांत दुखण्याविषयी फारसे बोलले जात नाही. अम्मीचे गुडघे दुखतात, दादीची कंबर धरते. पण कोणी विचारलेच तर "आता वय झालं" एवढेच उत्तर मिळते. यालाच आपण सब्र समजतो. पण सब्र म्हणजे दुखणे लपवणे नव्हे. दीन आपल्याला आजारात धीर धरायला सांगतो, तसा इलाज करायलाही सांगतो.

दुखण्याकडे कसे पाहावे, हे इंग्लंडच्या सिसिली साँडर्स (१९१८-२००५) यांनी जगाला शिकवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या नर्स झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले. मग त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि पुढे १९५७ साली डॉक्टर. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला असाध्य रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह सुरू केले. दुखणे फक्त शरीराचे नसते, असे त्यांचे सांगणे होते. त्यात मनाची काळजी असते, घर आणि पैशांची चिंता असते आणि रुहानी बेचैनीही असते. या चारही बाजू पाहिल्याशिवाय आराम पडत नाही.

अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने डॉक्टर हेन्री सिल्व्हर यांच्यासोबत 'नर्स प्रॅक्टिशनर' हा अभ्यासक्रम सुरू केला. जादा शिक्षण घेतलेल्या या नर्स रुग्णाला तपासतात, औषधही लिहून देतात. दुखणे घेऊन आलेल्या रुग्णाला त्या आधी प्रश्न विचारतात. कुठे दुखते? केव्हापासून? कशाने वाढते? शून्य ते दहा यांत किती? झोप लागते का? कोणते काम बंद पडले? मनावर कसले ओझे आहे?

अशी नर्स आपल्याकडे सहज भेटत नाही. पण हे प्रश्न आपण घरी विचारू शकतो आणि उत्तरे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवू शकतो.

वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यांना नुसती विश्रांती मानवत नाही. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणे हा त्यावरचा मुख्य उपाय आहे. व्यायाम डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाणे मात्र धोक्याचे आहे. दुखणे मारणाऱ्या अनेक गोळ्यांनी पोटात जखमा होतात, मूत्रपिंडे बिघडतात. शुगर किंवा बीपी असलेल्यांना हा धोका जास्त. छातीत दुखले, अचानक हातपाय लुळा पडला किंवा पाठदुखीसोबत ताप आला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट. गुडघ्यांमुळे सजदा करता येत नाही, याचे दुःख अनेक वडीलधाऱ्यांना आतून खाते. ते बोलून दाखवत नाहीत. ज्याला उभे राहणे किंवा सजदा करणे जमत नाही, त्याला बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची मुभा आहे, हे त्यांना प्रेमाने सांगावे. खुर्ची आणून द्यावी. हादेखील इलाजच आहे.

आज इशानंतर अम्मीजवळ दहा मिनिटे बसू या. "कसं आहे?" एवढ्यावर न थांबता, "रात्री झोप लागते का?" असे विचारू या. तिथून ती बोलू लागेल.