सहाणेवरचे अतिविष

परभणी जिल्ह्याची जमीन गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यातली, कापूस-ज्वारीची काळी जमीन असून अतिविष ही कडू मुळी मात्र हिमालयात, सुमारे अडीच हजार मीटरच्या वरच्या थंड उतारांवर वाढते. तरीही इथल्या बाळगुटीत, म्हणजे वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, बाळहिरडा, जायफळ इत्यादी जिन्नस उगाळून तान्ह्या मुलाला चाटवण्याच्या मिश्रणात, तिची जागा ठरलेली आहे आणि काष्ठौषधींच्या दुकानातून येणाऱ्या गुटीच्या पुडीत बोटाच्या पेराएवढा तिचा तुकडा असतो.

गुटीला तराजू लागत नाही. सहाणेवर उकळून गार केलेले पाणी किंवा आईचे दूध थेंबभर टाकून मुळी गोल फिरवतात. अशा एका फेरीला वेढा म्हणतात, आणि बाळ जसे वाढेल तसे वेढेही वाढवत नेतात. मात्र सहाण खरखरीत असली आणि हात जड पडला, तर त्याच एका वेढ्यात दुप्पट लेप उतरतो, ही या मापातली उणीव आजीच्या सरावानेच भरून निघते. उगाळून झाल्यावर मुळी धुऊन कोरडी करावी लागते, कारण ओल राहिली की तिला बुरशी धरते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिविष हे दीपन (भूक वाढवणारे), पाचन आणि संग्राहक (पातळ जुलाब आवरणारे) द्रव्यांत श्रेष्ठ मानले आहे. नागरमोथा, पिंपळी आणि काकडशिंगी यांच्या जोडीने त्याचे बालचतुर्भद्र चूर्ण होते, जे ताप, खोकला, उलटी आणि अतिसार यांवर मुलांना देतात.

खरी जोखीम पारखण्यात आहे. जहाल विषारी बचनाग हा अतिविषाचाच सगोत्र असून दोन्हींच्या मुळ्या निमुळत्या असतात. अस्सल अतिविष बाहेरून राखी, मोडल्यावर पांढरे व पिठूळ दिसते, चव निव्वळ कडू लागते. बचनागाने जीभ झिणझिणून बधिर होते, म्हणून चाखून पाहण्याचा प्रयोग घरी करणे धोक्याचे. शिवाय मुळी काढली की झाड जाते, त्यामुळे ही वनस्पती आज संकटग्रस्त मानली जाते आणि महागाईमुळे भेसळीलाही वाव मिळतो.

जागतिक आरोग्य संघटना पहिले 6 महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे असे सांगते, तेव्हा त्या वयात गुटी देण्याचा आग्रह सोडणेच योग्य. आणि पुढेही वैद्याने न पारखलेली मुळी सहाणेवर चढवू नये.