पाऊस किती पडला?



काल पाऊस किती पडला असे गावात विचारा. कोणी म्हणतो, ‘वढ्याला पाणी आलं.’ कोणी म्हणतो, ‘घमेलं भरलं.’ दोघेही खरेच सांगतात, पण पेरावे की थांबावे हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी माप लागते.

तापमान, हवेतला ओलावा, हवेचा दाब, वारा आणि पाऊस मिळून हवामान होते. तापमापी उन्हात टांगत नाहीत, कारण मग हवेपेक्षा तापलेल्या काचेचेच तापमान दिसते. ती पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे ४ फुटांवर ठेवतात. शेजारी दुसरी तापमापी असते. तिच्या फुग्याला ओले फडके गुंडाळलेले असते. पाणी उडताना ती गार होते, आपल्या माठासारखी! हवा कोरडी असेल तर दोघींत फरक जास्त, दमट असेल तर कमी. हवेचा दाब वायुभारमापकावर कळतो. तो झपाट्याने उतरला की वादळाची शंका येते. वाऱ्याला तो जिकडून येतो त्या दिशेचे नाव देतात. म्हणून आपला पाऊस आणणारे वारे नैऋत्येचे.

आता पाऊस. तो मिलिमीटरमध्ये मोजतात. पडलेले पाणी मुरले नाही, वाहिले नाही, तर सपाट जागेवर किती उंच साचेल, ते हे माप. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. एका एकरावर ते सुमारे ४,००० लिटर होते! मग घमेल्याने का मोजू नये? त्याचे तोंड रुंद, बूड अरुंद. त्यामुळे पाऊस आहे त्याहून जास्त दिसतो. घागरीचे उलट, तोंड लहान नि पोट मोठे, म्हणून कमी दिसतो. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा मात्र लहान असो की मोठा, पाण्याची उंची सारखीच भरते. डबा झाडापासून, भिंतीपासून दूर, मोकळ्यावर ठेवावा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजून पाणी ओतून द्यावे. हवामान खात्याचीही हीच वेळ आहे.

कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका. मृगाच्या एका सरीवर पेरले आणि पावसाने दडी मारली, तर बियाणे गेले, खत गेले, दुबार पेरणी आली. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पण ते यंत्र असते एका जागी, आणि पाऊस तर बांधाच्या एका बाजूला पडतो नि दुसरी बाजू कोरडीच राहते! मंडळाचा आकडा आपल्या शिवाराचा असेलच असे नाही.

आमच्या वर्गाची पावसाची वही व्हरांड्यात टांगली आहे. ज्यांनी शेतात डबा ठेवला असेल, त्यांनी आपला आकडा मुलांबरोबर पाठवावा. शेजारचा रकाना मोकळाच ठेवला आहे.