कारखान्यातील कचेरी : अंतर, ध्वनी आणि संभाषण

‘कारखाना’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. ‘कार’ म्हणजे काम आणि ‘खाना’ म्हणजे घर. शिवकालीन राज्यव्यवस्थेत अठरा कारखान्यांची गणना होत असे, आणि गडावरील कोठारांचा हिशेब राखणारा अधिकारी ‘कारखानीस’ म्हणून ओळखला जाई. या पदनामातील ‘नीस’ हे ‘नवीस’ म्हणजे ‘लिहिणारा’ याचेच रूप होय. काम आणि लेखन यांचा असा संयोग एका शब्दात झालेला असला, तरी यंत्रयुगातील कारखान्यात या दोन क्रिया एकमेकींपासून दुरावल्या. यंत्रशाळा एका इमारतीत व कचेरी दुसऱ्या इमारतीत, अशी मांडणी रूढ झाली. ही फारकत कमी करण्याचा प्रश्न प्रथमदर्शनी वास्तुशास्त्राचा वाटतो. परंतु तो तितकाच संभाषणाचाही आहे.

अंतराचा परिणाम प्रथम पाहू. संशोधन-संस्थांतील अभियंत्यांच्या परस्पर संपर्काचा अभ्यास करून अमेरिकन संशोधक टॉमस ॲलन यांनी १९७७ साली असे दाखविले की, दोन व्यक्तींच्या बसण्याच्या जागांतील अंतर वाढले की त्यांच्यातील तांत्रिक संभाषण झपाट्याने घटते. सुमारे ५० मीटरपलीकडे तर ते नियमितपणे होण्याची शक्यता अत्यल्प उरते. आवाराच्या दुसऱ्या टोकाला असलेली कचेरी यंत्रशाळेला कागदोपत्रीच ठाऊक असते, याचे कारण यात सापडते.

मग कचेरी यंत्रांच्या शेजारीच का आणू नये? येथे ध्वनीची अडचण उभी राहते. एक मीटर अंतरावरून केलेल्या सामान्य बोलण्याची पातळी सुमारे ६० डेसिबल असते. यंत्रशाळेतील गोंगाट पुष्कळदा याहून बराच अधिक असतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवितो, हे निरीक्षण फ्रेंच वैद्य एत्येन लोम्बार यांनी १९११ मध्ये नोंदविले. पण आवाज चढविल्याने अर्थ पोहोचतोच असे नाही. बोलण्यातील बरीचशी ध्वनिशक्ती स्वरांत असते. शब्दाशब्दांतील भेद मात्र मोठ्या प्रमाणात दुर्बल व्यंजनांवर अवलंबून असतो, आणि गोंगाटात प्रथम लोपतात ती व्यंजनेच. ‘सात’ आणि ‘साठ’ ही जोडी घ्यावी. दोहोंतील ‘सा’ स्पष्ट ऐकू येतो. ‘त’ आणि ‘ठ’ यांतील भेद तेवढा विरून जातो. हे दोन्ही वर्ण तोंडाच्या आतील भागात उच्चारले जात असल्याने ओठांकडे पाहूनही उलगडा होत नाही. सात मिलिमीटर आणि साठ मिलिमीटर यांतील फरक ज्या कामगाराला यंत्रावर उतरवावयाचा असतो, त्याच्या दृष्टीने ही केवळ ध्वनिविचाराची बाब नव्हे. माल वाया गेल्यास दोष ऐकणाऱ्याच्या माथी येतो. जागेचा दोष कोणी विचारात घेत नाही.

यावर रूढ उपाय म्हणजे यंत्रशाळेत उभारलेली काचेची खोली. परंतु तिची भिंत कितीही जाड असली, तरी तिचे यश फटींवर ठरते. ४० डेसिबल ध्वनी अडविणाऱ्या भिंतीत तिच्या क्षेत्रफळाच्या एक शतांश एवढी उघडी फट राहिली, तर एकूण अडवणूक सुमारे २० डेसिबलवर येते. म्हणून दाराची घट्ट बसणारी चौकट, मध्ये मोकळी जागा सोडलेले दोन दरवाजे, खोलीचे स्वतःचे छत आणि यंत्राच्या पायापासून तोडलेली जमीन यांना काचेइतकेच महत्त्व आहे. हवा खेळविणाऱ्या नळमार्गातून गोंगाट आत येतो, तेव्हा त्यालाही ध्वनिशोषक अस्तर लागते.

तथापि संपूर्ण बंदिस्त खोली दुसरा प्रश्न निर्माण करते. उंचावरील काचेआडून खाली पाहणारा अधिकारी सर्वांना दिसतो, पण त्याच्याशी बोलता येत नाही. मग कचेरी हे पहाऱ्याचे ठिकाण ठरते. चेकोस्लोव्हाकियातील झ्लीन येथे १९३८ च्या सुमारास बाटा कंपनीची सोळा मजली कचेरी उभी राहिली. तिची मांडणी कंपनीच्या कारखान्यांच्याच चौकटीवर बेतलेली होती, आणि प्रमुखाची खोली उद्वाहकात, म्हणजे लिफ्टमध्ये, बसविली होती. तीत दूरध्वनी व हात धुण्याचे पात्रही होते. अधिकाऱ्याने प्रत्येक मजल्यावर जावे, हा हेतू त्यात स्पष्ट आहे. परंतु भेटीचा क्षण ठरविण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे राहतो, हेही तितकेच स्पष्ट आहे.

जर्मनीतील लाइपत्सिक येथे २००५ मध्ये उघडलेली बी.एम.डब्ल्यू. कारखान्याची मध्यवर्ती इमारत वेगळा मार्ग दाखविते. झहा हदीद यांनी तिची रचना केली. मोटारींचे सांगाडे घडविणे, रंगविणे व जुळणी करणे ही कामे तीन शेजारच्या शाळांत चालतात. त्यांना जोडणाऱ्या या इमारतीत पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या मजल्यांवर कचेऱ्या आहेत आणि सांगाडे त्यांच्या वरून वाहकपट्ट्यांवर सरकत जातात. गोंगाटाची कामे बाजूला, मालाची वाटचाल मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर, अशी ही योजना आहे. कामगार व कचेरीतील माणसे यांचा प्रवेशही येथूनच होतो.

या विवेचनातून निघणारे तत्त्व साधे आहे. कारखान्यातील कचेरीला तीन प्रकारच्या जागा हव्यात : एकाग्र कामासाठी शांत खोली, प्रत्यक्ष यंत्रशाळा, आणि या दोहोंमध्ये, कामगाराला तेलकट हातांनीही संकोच न वाटता येता येईल अशी, बोलणे स्पष्ट ऐकू येणारी उंबरठ्याची जागा. पहिल्या दोन जागा बहुतेक आराखड्यांत असतात. तिसरी विसरली जाते. ‘सात’ की ‘साठ’ हे निःशंकपणे विचारता यावे एवढी सोय तिने केली, तरी तिच्यावरील खर्च सार्थकी लागला असे म्हणावयास हरकत नाही.