गल्लीच्या भावापेक्षा महाग घर

बँकेच्या पॅनेलवरचा व्हॅल्युअर टेप काढण्याआधी गल्ली पाहतो. रस्ता किती रुंद, शेजारी रो-हाउस आहेत की पत्र्याची शेड, भोगवटा दाखला मिळाला आहे का. आत इटालियन मार्बल असतं, सागवानी कोरीव दार असतं. अहवालात या सगळ्याला ‘फिनिशिंग उत्तम’ एवढीच जागा मिळते.

नाशिकमध्ये प्लॉट घेऊन बंगला बांधणाऱ्यांनी ही जागा आधीच ओळखायला हवी. समजा, पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला ४० लाखांचा प्लॉट घेतला. आसपासची रो-हाउस ९० लाखांच्या घरात विकली जातात. बांधकामाचा अंदाज ५० लाखांचा होता. जोतं झालं, स्लॅब पडला आणि मग ‘आयुष्यात एकदाच बांधतोय’ म्हणत खर्च ९० लाखांवर गेला. घर पडलं १ कोटी ३० लाखांना. उद्या विकायची वेळ आली, तर एवढे पैसे हाताशी असलेला माणूस त्या गल्लीत कशाला येईल? तो गंगापूर रोडला फ्लॅट बघेल.

बँकही खर्च झाला तेवढा धरत नाही, मूल्यांकन धरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांचं गृहकर्ज मालमत्तेच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं, त्यापुढे ७५ टक्के. उरलेली भर मग भविष्य निर्वाह निधीतून किंवा दागिने मोडून पडते, आणि खरी काळजी तिथेच वाटते.

त्यात घसारा. आरसीसी बांधकामाचं आयुष्य ६० वर्षं आणि शेवटी उरणारी किंमत १० टक्के धरली, तर वर्षाला दीड टक्का वजा होतो. वीस वर्षांत तीस टक्के! भाव वाढतो तो जमिनीचा. जुन्या नाशकात हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. भद्रकाली, सराफ बाजाराच्या बोळांतले कोरीव खांबांचे वाडे कुणीतरी जीव ओतून उभे केले होते. आज त्यांचा सौदा होतो तो जागेच्या भावानं.

काटकसर मात्र पायात करायची नाही. काळ्या मातीच्या मळ्यांत पडलेले प्लॉट स्वस्त वाटतात, पण तिथे पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. तो खर्च दिसत नाही आणि टाळताही येत नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचंही तसंच. पोरंबाळं इथेच राहणार, विकायचा विचारच नाही, अशांनी हौसही जरूर करावी. फक्त ती कर्जाच्या पैशानं नको.

आर्किटेक्टकडे जाण्याआधी एक काम करता येतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर आपल्या परिसरातल्या खरेदीखतांची सूची क्रमांक दोन पाहायला मिळते. तिच्यात मोबदला आणि बाजारभाव हे दोन्ही आकडे असतात. आपल्या गल्लीतल्या, आपल्याएवढ्याच घरांचे गेल्या दोन वर्षांतले व्यवहार काढावेत, त्यातल्या सर्वांत मोठ्या मोबदल्यातून प्लॉटची किंमत वजा करावी आणि उरलेला आकडा ठेकेदाराशी बोलणी करण्याआधी वहीत लिहून ठेवावा.