गळ, जाळे आणि सरकार

सेलूजवळच्या ओढ्याकाठी, बांबूच्या काठीला दोरा, दोऱ्याला गळ व गळाला गांडूळ लावून, पाण्यावर डुलणाऱ्या मोरपिसाच्या देठाकडे श्वास रोखून पाहणारा हौशी माणूस सरकारदप्तरी जवळजवळ अदृश्यच आहे. 1897 च्या कायद्याने सुरुंग व विष यांनी मासे मारणे निषिद्ध ठरविले. 1981 च्या महाराष्ट्राच्या सागरी कायद्याचा भर प्रामुख्याने नौका आणि जाळी यांवर राहिला. छंदाची वेगळी दखल दोहोंत नाही. इंग्लंडात नदीत गळ टाकण्यास परवाना लागतो, समुद्रात लागत नाही. म्हणजे तेथेही सागरी हौशीची मोजदाद सोपी नाही.

आपल्याकडे प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण जलाशयातील मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थांकडे असतो, आणि त्या मासेमारीवर ढिवर-भोई कुटुंबांची चूल पेटते. शिवाय सेलू तालुक्यातील बोर धरणालगतचे अरण्य 2014 पासून व्याघ्रप्रकल्प आहे. म्हणून, कोकणच्या किनाऱ्यासाठी असो वा या धरणासाठी, हौशी मासेमारीच्या धोरणाचा मसुदा कचेरीत लिहून मग हरकती मागविण्यापेक्षा, मच्छीमार, वनखाते व हौशी यांना आरंभीच एकत्र बसवावे, असे मला कळकळीने वाटते. आणि त्या बैठकीत पहिला शब्द जाळे विणणाऱ्याचा असावा, कारण विणीच्या हंगामात मासा कोणत्या उथळ पाण्यात चढतो, हे तोच दाखवू शकतो.